चॉकलेटचा पाय, बसून केलेला

विस्तवाला हात न लावता झालेल्या पदार्थाला "मी केला" म्हणायचं की नाही, यावरून आमच्या घरात सध्या दोन तट पडले आहेत. एका बाजूला आमच्या वन्सं. वय वर्षं ८२, पुरणपोळीत त्यांचा हात धरणारं आमच्या नात्यात कोणी नाही. त्यांचं म्हणणं, "अगं, चूल पेटली नाही, काही शिजलं नाही, भाजलं नाही, आणि म्हणे केलं! मांडलं म्हण." दुसऱ्या बाजूला मी. आणि वादाचं कारण म्हणजे चॉकलेट पाय.

(नावावरून पुरेसं हसून झालेलं आहे, त्यामुळे तुम्ही नव्यानं हसू नका. "आजीनं चॉकलेटचा पाय केला, आता हात कधी?" इथपासून सगळे विनोद नातवंडांनी उरकले आहेत. मराठीच्या शिक्षिकेच्या घरात श्लेष होणारच.)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाय म्हणजे खाली आणि कडेनं एक कवच आणि आत सारण. आपल्या करंजीत सारण सगळीकडून झाकलेलं असतं, इथे ते बहुतेक वेळा वरून उघडंच असतं. मूळ पद्धतीत कवच मैद्याचं, ओव्हनमध्ये भाजलेलं. पण अमेरिकेत एक वेगळी शाखा निघाली, न भाजण्याची. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून भांड्यात दाबायचा, वर सारण ओतायचं आणि थंडीत सेट व्हायला ठेवायचं. विजेचे फ्रिज येण्याआधी तिकडे घराघरात बर्फाची लादी ठेवायच्या पेट्या असत, त्यावरून ह्या प्रकाराला "आइसबॉक्स पाय" हे नाव पडलं. ह्या कवचासाठी अमेरिकेत जी बिस्किटं वापरतात त्यांना ग्रॅहम क्रॅकर म्हणतात, आणि त्या नावामागे एक गंमत आहे. सिल्व्हेस्टर ग्रॅहम हे एकोणिसाव्या शतकातले धर्मोपदेशक. साधं खा, मांस-मद्य-मसाले सोडा, कोंड्यासकट दळलेलं जाडं पीठ खा, असा उपदेश करत ते हिंडले. त्या संयमी माणसाच्या नावाची बिस्किटं आज लोण्यात भिजवून वर चॉकलेट ओततात! इतिहास शिकवताना असं काही सापडलं की वर्गातली मागची बाकंसुद्धा जागी व्हायची.

चॉकलेट पायमध्ये तिकडे नावाजलेला एक प्रकार "फ्रेंच सिल्क". नावात फ्रेंच असलं तरी तो अमेरिकन. मेरीलँडमधल्या बेटी कूपर ह्या बाईंनी १९५१ सालच्या पिल्सबरी कंपनीच्या स्पर्धेत तो केला होता. १९५१ हे माझंही जन्मसाल, म्हणून लक्षात राहिलं. त्यात कच्ची अंडी फेटून घालतात. आमच्या घरात ते चालणारं नाही, आणि ह्या वयात कच्चं अंडं पोटात घालण्याची हौसही नाही. आपलं सारण चॉकलेट आणि क्रीमचं.

आता वन्संच्या मुद्द्याकडे येते. विस्तव नाही तर स्वयंपाक नाही, हे आपल्याच स्वयंपाकघराला लावून बघा. चक्का फेटून साखर-वेलदोडा घातलेलं श्रीखंड कुठल्या विस्तवावर होतं? (दूध तापवलं ते दह्यासाठी, हे मान्य. पण मग बिस्किटंही कोणीतरी भाजलेलीच असतात.) शिकरण, दहीकाला, पंचामृत, गोकुळाष्टमीचा सुंठवडा... आणि सगळ्यात जवळचं नातं म्हणाल तर पोळीचा लाडू. शिळी पोळी कुस्करायची, त्यात तूप-गूळ घालून मळायची आणि दाबून वळायची. चुरा, स्निग्ध पदार्थ आणि दाब! पायचं कवच म्हणजे हेच, फक्त वळायच्या ऐवजी थापलेलं. शाळेत जाताना आईच्या हातचा पोळीचा लाडू खाल्लेल्या कोणालाही हे कवच शिकवावं लागत नाही. ते हातांना आधीच माहीत असतं.

हे मी वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोळी भाजायला लागतेच की." त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे... असो.

पण हा लेख मी वन्संसाठी लिहीत नाहीये. लिहितेय ते माझ्या मुलासाठी, सुनेसाठी, लेकीसाठी, भाचरांसाठी आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे त्या सगळ्यांसाठी.

दोन वर्षांपूर्वी माझं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम. हाड जुळलं, पण पकड पहिल्यासारखी आली नाही. गुडघे त्याआधीच कुरकुरत होते. भरलेला कुकर एका हातानं उचलता येत नाही, कणीक मळता येत नाही, ओट्याशी वीस मिनिटांवर उभं राहवत नाही. मग घरच्यांनी जे करायचं तेच केलं. पोळ्यांना बाई लावल्या, स्वयंपाकाचा ताबा सुनेनं घेतला. तिला कामावरून येऊन हे सगळं करावं लागतं आणि ती ते न कुरकुरता करते. तक्रार अजिबात नाही. पण तेव्हापासून दिवसातून दहा वेळा मी एक वाक्य ऐकते. "आई, तू बस." कोथिंबीर निवडायला घेतली की "राहू दे, तू बस." दिवाळीत चकलीचा सोऱ्या हातात घेतला की दोघंतिघं धावत येतात, "अगं तू फक्त बस ना!" प्रेमानं म्हणतात. त्यामुळेच रागावता येत नाही. पण सदतीस वर्षं नोकरी करून, सकाळी सहाला डबे भरून, संध्याकाळी आल्यागेल्याचं करून ज्या बाईचे दिवस गेले तिला "फक्त बस" हा आराम वाटत नाही. वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटतं.

ह्या सगळ्यात चॉकलेट पाय आला कसा, तर नातीच्या फोनमधून. तिनं पाककृती वाचून दाखवली आणि मला एकच गोष्ट जाणवली. हा अख्खा पदार्थ *बसून* करता येतो. डायनिंग टेबलाशी, खुर्चीवर, समोर परात घेऊन.

तुम्हाला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण विचार करा. माझी आई सगळा स्वयंपाक बसून करायची. चूल जमिनीलगत, बसायला पाट, चिरायला विळी, वाटायला पाटा-वरवंटा, मळायला समोर परात. म्हातारी माणसंही त्यात सामावून जायची. आजीला दिसत नव्हतं तरी ती भिंतीला टेकून शेंगा सोलायची, लसूण निवडायची. तिला कोणी "तू बस" म्हणत नव्हतं, कारण सगळेच बसलेले असायचे. १९७८ साली आम्ही ब्लॉकमध्ये राहायला आलो, आणि गॅसबरोबर उभा ओटा आला. मला तेव्हा केवढा आनंद झाला होता! धूर गेला, सारखं ऊठबस करणं गेलं, चुलीपुढे डोळे चोळणं गेलं. ते दिवस परत यावेत असं मी कधीही म्हणणार नाही. जुन्या स्वयंपाकघराची गोडवी गाणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांनी फुंकणी हातात धरलेली नसते. पण ओटा उभ्या माणसाच्या मापाचा आहे, हेही खरं. ज्याला उभं राहवत नाही त्याला ओट्यानं गुपचूप बाहेर काढलं, आणि ते आपल्या कोणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून सोप्या, न भाजायच्या पदार्थांना नाकं मुरडू नका, एवढंच माझं सांगणं आहे. ते आळशी लोकांसाठी नसतात. ज्यांचे हात अजून शाबूत आहेत पण ताकद आणि उभं राहणं गेलंय, त्यांच्यासाठी असतात. आणि अर्थातच मुलांसाठी, ज्यांना अजून गॅसजवळ जाऊ देत नाहीत. माझी नात आणि मी ह्या बाबतीत एकाच इयत्तेत आहोत.

आता मी कसा करते ते सांगते. माप आठ इंची भांड्याचं.

साधारण २०० ग्रॅम बिस्किटं. डायजेस्टिव्ह सगळ्यात चांगली, कारण ती कणकेची आणि जरा खारट असतात. मारीही चालतात, पण ती कोरडी, लोणी थोडं जास्त पितात. (हे मारी म्हणजे रशियाची राजकन्या मारिया. १८७४ साली तिचं इंग्लंडच्या राजपुत्राशी लग्न झालं, तेव्हा लंडनच्या एका बिस्किटवाल्यांनी तिच्या नावानं हे बिस्किट काढलं. चहात बुडवताना सांगायला बरं.) ग्लुकोजची बिस्किटं नकोत, फार गोड होतं. बिस्किटं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, तोंड बंद करायचं आणि वरून लाटणं फिरवायचं. मिक्सर असतो हो, पण मिक्सर ओट्यावर असतो. आणि लाटण्याचं काम नातवंडं भांडून घेतात. रव्याइतकं बारीक हवं, थोडे मोठे कण राहिले तर चालतात. त्यात १०० ग्रॅम लोणी वितळवून कालवायचं. नेहमीचं खारं बटर घेते, मग वेगळं मीठ लागत नाही. मुठीत दाबलं की मूद व्हावी आणि बोटानं ढकलली की फुटावी, इतपत. तूप घालून बघितलं, पण त्याचा वास चॉकलेटवर चढतो. ते लाडवातच बरं.

भांडं कुठलंही पसरट. मी कुकरमधली ढोकळ्याची थाळी घेते. तळाला आणि बाजूंना बटर पेपर, दोन्हीकडून बाहेर येईल असा, म्हणजे नंतर अख्खा पाय उचलून काढता येतो. चुरा पसरायचा आणि सपाट बुडाच्या वाटीनं दाबायचा. कडेला अंगठ्यानं दाबत वर चढवायचा. हे काम माझं, ते मी कोणाला देत नाही. डावा हात नुसता थाळी धरतो, उजवा दाबतो. फिजिओथेरपीच्या चेंडूपेक्षा हा व्यायाम मला जास्त मानवतो. मग थाळी अर्धा तास फ्रिजमध्ये. कवच टिकतं ते लोणी थंडीत घट्ट होऊन चुऱ्याला धरून ठेवतं म्हणून. भाजणं नाही, पण गोठणं आहे. घडवणारी ऊर्जा उष्णतेचीच असली पाहिजे असं कुठे लिहिलंय?

सारणाला २५० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि २०० मिली क्रीम. इथे मात्र जरा थांबा आणि पाकीट वाचा. दुकानात चॉकलेटच्या नावाखाली "कंपाउंड" मिळतं. त्यात कोको बटर ऐवजी पाम वगैरे वनस्पती तेलाचा घट्ट केलेला स्निग्ध पदार्थ असतो. स्वस्त असतं, सेटही झटकन होतं, पण जिभेवर मेणासारखा थर राहतो. खरं चॉकलेट तोंडात विरघळतं त्याला कारण आहे. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं आणि आपलं तोंड ३७ अंशांचं. तीन अंशांच्या फरकावर सगळी मजा उभी आहे! म्हणून घटकांच्या यादीत कोको बटर शोधायचं. मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर दिसत नसेल तर दुकानदाराला वाचायला लावायचं. मी लावते.

चॉकलेट सुरीनं चिरायला जोर लागतो, तो माझ्याकडे नाही. वेष्टनातच ठेवून वरून बत्ता मारला की तुकडे होतात. क्रीम मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, कडेला बुडबुडे आले की पुरे. ते चॉकलेटच्या तुकड्यांवर ओतायचं आणि झाकण ठेवून तीन-चार मिनिटं हात बांधून बसायचं. ढवळायची घाई सगळ्यांनाच होते, विशेषतः मुलग्यांना. मग मधोमध चमचा घालून छोटी वर्तुळं करत बाहेर यायचं. आधी ते फाटल्यासारखं, डागडाग दिसतं आणि पाहता पाहता एकदम चकचकीत होतं. माझ्या नातीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसतं ते मी वर्गात गणित सुटलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

भांडी आणि चमचे मात्र कोरडे ठक्क हवेत. चॉकलेट नुसतं वितळवताना त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याचा रवाळ गोळा होतो. साखरेचे आणि कोकोचे कण त्या थेंबानं ओले होतात आणि एकमेकांना चिकटतात. गंमत म्हणजे तिथेच भरपूर गरम क्रीम घातलं की ते पुन्हा सैल होतं. थेंब घात करतो, वाटी तारते.

अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी घालते. कॉफीची चव येत नाही, चॉकलेटची गडद होते. सारण कवचात ओतायचं, थाळी टेबलावर दोनदा हलकेच आपटायची, आणि फ्रिजमध्ये कमीत कमी चार तास. रात्रभर ठेवलं तर उत्तम. "पाच मिनिटांत चॉकलेट पाय" म्हणून जे दाखवतात ते खोटं आहे हो. हाताचं काम पाऊण तासाचं, बाकी वाट बघणं. ते मला परवडतं. मे महिन्यात मात्र बाहेर काढून गप्पा मारत बसू नका. खोलीतलं तापमान ३६-३७ झालं की कोको बटर आणि लोणी दोघांचाही धीर सुटतो आणि पायचं पायसम होतं.

एक आक्षेप मला रास्त वाटतो. लेकीनं घेतलेला. "आई, बिस्किटं पाकिटातली, चॉकलेट पाकिटातलं, क्रीम डब्यातलं. ह्यात घरचं काय?" खरं आहे. भाजलेल्या मैद्याच्या कवचाचे पापुद्रे बिस्किटाच्या चुऱ्याला येणार नाहीत, आणि ह्याला पुरणपोळीच्या बरोबरीनं बसवणंही वेडेपणाचं होईल. पोषण म्हणाल तर शून्य. ह्यांना मधुमेह आहे, त्यांना दोन बोटांची फोड देते आणि तेवढीच देते. पण घरचं काय, ह्याचं उत्तर माझ्याकडे आहे. किती कडू ठेवायचं, खारटपणा किती, थर किती जाड, हे मी ठरवलं. दोन वर्षांत ह्या घरात खाण्याची एकही गोष्ट मी ठरवली नव्हती. भाजीसुद्धा मला विचारून होते, माझ्या मनानं नाही. विचारणं आणि ठरवणं ह्यात फरक असतो, हे निवृत्त झालेल्या कुठल्याही माणसाला समजेल.

आणि अजून एक. पहिल्यांदा केला तेव्हा सगळ्यांनी "कित्ती छान गं आजी!" असा सूर लावला. बालवाडीतल्या मुलाच्या चित्राला लावतात तो. तो मला ओळखता येतो, मी स्वतः तो अनेक वर्षं लावलेला आहे. एकटा माझा पुतण्या म्हणाला, "काकू, मला हा फार कडू लागतोय." मला इतकं बरं वाटलं! मी म्हटलं, कडूच ठेवलाय, मुद्दाम, गोड खायचं असेल तर बासुंदी खा. तो म्हणाला पुढच्या वेळी अर्धं मिल्क चॉकलेट घाल. मी म्हटलं नाही घालणार. दहा मिनिटं वाद झाला. म्हातारपणी लोक आपल्याला पैकीच्या पैकी गुण देतात कारण कोणी पेपर तपासतच नाही. त्यानं तपासला.

तेव्हा येत्या दिवाळीला कोण काय करणार ह्याची यादी होईल, त्यात चॉकलेट पाय माझ्या नावावर लिहा. "तू बस" म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी बसतेच, पण समोर परात ठेवा. दोन पाय होतील इतकं सामान लागेल: बिस्किटं ४०० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम, क्रीमचे २०० मिलीचे दोन डबे आणि खरं डार्क चॉकलेट अर्धा किलो. कंपाउंड आणलंत तर परत पाठवीन. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, मग कापायचं, आणि प्रत्येक वेळी पुन्हा तसंच. ते काम पुतण्याकडे. फोडी लहान-मोठ्या झाल्यावरून पोरांची भांडणं होतील, ती त्यानंच निस्तरायची. आणि वन्संसाठी एक फोड आधीच काढून ठेवा, कडेची, जास्त कवच असलेली. मागच्या वेळी "मांडलेल्या" पदार्थाच्या त्यांनी दोन खाल्ल्या होत्या.